भुताला स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येऊ द्या

मराठी दिवाळी अंकांचे संपादक आणि गूढकथा-भयकथा लिहिणारे सर्व लेखक यांस,

स. न. वि. वि.

मी परळमध्ये फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवते. तुमचे दिवाळी अंक माझ्याकडे बाहेरच्या बाकावर पुढच्या दिवाळीपर्यंत पडून असतात. पेशंट ते मन लावून वाचतात आणि कधी कधी पानंही फाडून नेतात. भुताच्या गोष्टींची पानं सगळ्यांत आधी जातात. अंकासाठी कथा मागवायला तुम्ही लवकरच सुरुवात कराल, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. मागणी एकच आहे. यंदा निदान एक कथा अशी छापा, जिच्यात शहरातली डॉक्टर भुतावर उपचार करते. भूत लागलेल्या माणसावर नाही, खुद्द भुतावर.

इंग्रजीत अशा गोष्टी आहेत. लंडनमध्ये दवाखाना थाटून रक्तपिपासू पिशाच्चं आणि ममी तपासणारी डॉक्टर तिकडच्या वाचकांच्या ओळखीची आहे. मला तिची नक्कल नको आहे. दादर-परळला व्हॅम्पायर आणून बसवायची काहीच गरज नाही, कारण डॉक्टरकडे जाण्याजोगी भुतं आपल्याकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

मराठी भूत म्हणजे आधी एक मृत्यूचा दाखला असतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, की मुंजा. बाळंतपणात बाई गेली, की अळवंतीण. सवाष्ण गेली आणि जीव संसारात अडकला, की जखीण; विधवा गेली तर लावसट. पाण्यात बुडाला तो गिऱ्हा. पोटी वारस नाही, पुरलेल्या धनावर डोळा ठेवून प्राण सोडला, तो समंध. नाव घेतलं की वय, बाई की पुरुष, मरणाचं कारण आणि राहून गेलेली इच्छा, एवढं सगळं कळतं. मी मृत्यूच्या दाखल्यावर जे रकाने भरते, ते आपल्या आज्यापणज्यांनी तोंडी भरून ठेवलेले आहेत. एका गावची हडळ पुढच्या गावात अळवंतीण होते, तपशील इकडचे तिकडे होतात, पण रकाने तेच राहतात.

हे कागदावर कसं आलं तेही सांगण्यासारखं आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, एवढं आपण शाळेत शिकतो. हाच जॅक्सन गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती गोळा करत होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याच्या मागे राहिलेल्या कागदांवरून एंथोव्हेन या अधिकाऱ्याने १९१५ साली कोकणचा खंड छापला. कुठलं भूत कुठे राहतं, कुणाला धरतं, काय मागतं, काय दिलं की जातं, हे मास्तरांनी सरळ, न लाजता लिहून पाठवलं आहे. वाचताना मला जुन्या केसपेपरांचा गठ्ठा उघडल्यासारखं वाटलं. योगायोग असा की काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तोही १९०९ मध्येच. म्हणजे तुमची परंपरा आणि हे दप्तर एकाच वयाचे आहेत, आणि तरी त्यातला पेशंट अजून तुमच्या पानांवर आलेला नाही.

तुमच्या कथांत भूत येतं तेव्हा त्याच्यासमोर मांत्रिक उभा राहतो. कधी पंचाक्षरी, कधी देवऋषी, कधी भगत, कधी एखादा तेजस्वी सिद्धपुरुष. मांत्रिकाचे प्रश्न मला फार ओळखीचे वाटतात: कोण तू? कुठून आलास? कधीपासून आहेस? काय पाहिजे? मेडिकल कॉलेजात आम्हाला हिस्टरी घ्यायला शिकवतात ती जवळपास याच क्रमाने. पण मांत्रिक हे सगळं विचारतो ते भूत जावं म्हणून. उत्तर मिळालं की नारळ, कोंबडं, दहीभाताचा उतारा ठरतो, आणि ऐकलं नाही तर मार सुरू होतो. कुठे दुखतंय, हा प्रश्न त्या सगळ्या चौकशीत येतच नाही. सुश्रुताने आयुर्वेदाची आठ अंगं सांगितली, त्यात भूतविद्या हे एक स्वतंत्र अंग आहे. शल्य आणि कायचिकित्सेच्या बरोबरीने. तिथेही रोगी माणूसच आहे, आणि भूत हे रोगाचं कारण. म्हणजे इतक्या जुन्या वैद्यकातसुद्धा भुताची नाडी कुणी पाहिलेली नाही.

आणि तो मार कुणाला बसतो? तुमच्या कथेत भुताला बसतो, वाचक सुटकेचा श्वास सोडतो. खऱ्या घरात तो बाईच्या पाठीवर बसतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला जोडलेली अनुसूची प्रत्येक भयकथा लेखकाने एकदा वाचावी. पहिल्याच बाबीत लिहिलं आहे: भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, तोंडात विष्ठा-मूत्र कोंबणं. कायद्यात या गोष्टी कुणी कल्पनेने घातलेल्या नाहीत. त्या होत होत्या म्हणून त्यांची नावं घ्यावी लागली. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. ज्या भाषेत ही किंमत मोजली गेली, त्या भाषेत भुताच्या कथेचा नायक अजून चाबूक घेऊन येतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझी एक अट आहे, आणि तिच्यावर मी अडून बसणार आहे. भूत कुणाच्या अंगात आणू नका. ते स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येऊ द्या.

कारण सांगते. घरात एखादी मुलगी वेगळ्या आवाजात बोलायला लागते, ओळखीची माणसं ओळखेनाशी होते, रात्ररात्र जागते. हे मानसिक आजार असू शकतात, त्यांना नावं आहेत, औषधं आहेत. बाळंतपणानंतर काही दिवसांत क्वचित एखाद्या बाईला तीव्र मानसिक आजार होतो, त्यात ती बाळाविषयी भलतंसलतं बोलते. तो तातडीने उपचार करायचा आजार आहे आणि वेळेवर दाखवलं तर बहुतेक वेळा बाई पूर्ण बरी होते. अशा घरातली माणसं माझ्याकडे येतात ती बहुतेक वेळा दोन-तीन ठिकाणी अंगारे करून झाल्यावर. तुमच्या कथेत ‘तिला खरंच भूत लागलं होतं, डॉक्टर मूर्ख ठरला’ असा शेवट आला की पुढच्या घरी माझे आणखी काही आठवडे जातात. कथेतलं भूत अंगातून बाहेर काढून बाकावर बसवलंत, त्याला स्वतःचं शरीर आणि स्वतःचं दुखणं दिलंत, की हा घोळ मुळातच उरत नाही. ती कथा आहे हे लहान मुलालाही कळतं. अंधश्रद्धा वाढेल अशी भीती वाटणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे, आणि ती भीती मी हलकी मानत नाही. ‘सत्यकथा’ अशी पट्टी मात्र अशा कथेवर कधी छापू नका.

आता हडळ घ्या. पाऊस धो धो पडतो आहे, डॉक्टर शटर अर्धं ओढून हिशेब लिहिते आहे. फरशीवर ओली पावलं उमटलेली दिसतात आणि ती दाराकडे जाणारी आहेत, म्हणून तिला वाटतं शेवटची पेशंट निघून गेली. मान वर करते तर बाई समोर बसलेली. पाय उलटे, म्हणून आत येतानाची पावलं बाहेर जाताना दिसतात. डॉक्टर घाबरते की नाही हे लेखकाने ठरवावं. माझी डॉक्टर घाबरेल आणि तरी खुर्ची पुढे सरकवेल. पहिली तपासणी कुठलाही डॉक्टर करतो तीच. डोळ्याखालची पापणी अंगठ्याने खाली ओढून बघायचं. आत लालसरपणाचा पत्ता नाही. नाडी पूर्ण मिनिटभर धरून बसायची, लागत नाही, तरी मिनिट पुरं करायचं. मग हात उघडायला सांगायचं. मुठीत राळे आहेत, त्या बारीक धान्याचे दाणे. नखं झिजून मांसाला टेकलेली.

त्या राळ्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. बाळंतपणात गेलेल्या बाईला घरातून नेताना तिच्या मागे वाटेवर राळे टाकत जायची रीत होती. ते सगळे वेचल्याशिवाय तिला घरी परतता येऊ नये म्हणून. आणि उंबऱ्यात खिळा ठोकायचा. जी सून काल कळा देत होती, तिच्यापासून घर वाचवायला. भयकथेत ही रीत नेहमी घरातल्यांच्या बाजूने येते. वाटेवर ओणवी होऊन, अंधारात, पहाट व्हायच्या आत दाणे शोधणारी ती बाई कुणी लिहिली आहे? काय होतंय म्हणून विचारलं तर ती म्हणेल, “कंबर धरलीय.” कधीपासून? “वेचायला लागले तेव्हापासून.” डॉक्टरने पुढचा प्रश्न बाळाचा विचारायला हवा. जगलं का? कोणी सांभाळलं? हे विचारायला घराण्यातलं कुणी थांबलं नव्हतं.

ती कशाने गेली, हे डॉक्टरला पापणी पाहिली तेव्हाच कळलेलं असणार. बाळ झाल्यावर गर्भाशय घट्ट आवळलं नाही तर रक्त थांबत नाही, आणि तासा-दोन तासांत धडधाकट बाई हातातून जाते. त्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे, साधं, स्वस्त. ते मात्र थंड ठेवावं लागतं, २ ते ८ अंशांत. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. आपला आकडा उतरला आहे आणि त्यामागे असंख्य नर्सबाईंची, आशाताईंची पायपीट आहे. पण डॉक्टरच्या टेबलाशेजारी फ्रिज आहे, फ्रिजमध्ये ते इंजेक्शन आहे, आणि समोर बसलेल्या बाईला ते शे-दीडशे वर्षांपूर्वी हवं होतं. एवढ्या एका प्रसंगात जे आहे ते शंभर किंकाळ्यांत नाही. आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला निघाल्या त्या दहा दिवसांचं बाळ गमावल्यावर. १८८६ साली फिलाडेल्फियाला पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर, आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बाविशीही गाठायच्या आत, त्या गेल्या. हडळीची पहिली डॉक्टर व्हायचा मान त्यांचा होता असं मला वाटतं.

उलट्या पायांविषयी लेखकांशी मला थोडं जास्त बोलायचं आहे. पहिला मोह असा होईल की डॉक्टर ते पाय सरळ करते आणि कथा सुखान्त होते. असं करू नका. जन्मतः पाय आत वळलेली बाळं मी पाहते. आठवड्याला एक प्लास्टर बदलत ते पाय हळूहळू सरळ करता येतात आणि ते करायलाच हवं, कारण मुलाला पुढे चालताना त्रास होतो. पण वर्षानुवर्षं उलट्या पायांनी कोस न् कोस चालणाऱ्या बाईला आधी विचारलं पाहिजे की पाय दुखतात का. दुखत नसतील तर तो आजार नाही, ते तिचं शरीर आहे. आमच्या धंद्यात ही चूक सतत होते: वेगळं दिसलं की दुरुस्त करायला धावायचं. भूत तपासणारी डॉक्टर ही गोष्ट आमच्यापेक्षा लवकर शिकेल, कारण तिच्याकडे येणारा प्रत्येकजण वेगळाच दिसणार. आणि लेखकाची खरी कसोटीही इथेच आहे. हडळीच्या पाठीची पोकळी, जी बघून वाचकाला शहारा यायला हवा असं आजवर ठरलेलं आहे, ती डॉक्टरच्या नजरेने लिहून बघा. जखम जुनी आहे की ताजी? कडा कोरड्या आहेत का? बसताना ती पाठ भिंतीला टेकते की टेकत नाही?

मास्तरांच्या त्या दप्तरात आणखी एक गोष्ट दिसते आणि ती मला सोडवत नाही. भुतांना जात आहे, धर्म आहे. मुंजा आणि समंध ब्राह्मणाचे, ते पिंपळावर. खवीस मुसलमानाचा. दलित-बहुजनांची भुतं वेगळ्या नावांची, वेगळ्या जागेची, आणि बहुतेक वेळा जास्त क्रूर म्हणून सांगितलेली. जगताना जे पाणवठ्यावर होतं तेच मेल्यावर झाडावर. भुताच्या कथा लिहिणारे आपण सगळे ही वाटणी मुकाट्याने पुढे चालवत आलो. दवाखान्यात मात्र बाक एकच असतो. आधी आला त्याचा नंबर आधी. खवीस आणि समंध शेजारी बसले आहेत, दोघांनाही ताटकळत थांबावं लागतं आहे, आणि केसपेपरवर जातीचा रकाना नाही. त्या बाकावर ते एकमेकांशी काय बोलतील, हे ज्याला लिहिता येईल त्याची कथा मी विकत घेऊन वाटीन.

शहराचा मुद्दा राहिला. भूत म्हटलं की तुम्ही अजून वाडा, कोकणातलं घर, माळरान यांच्याकडे जाता. पण डॉक्टर आणि भूत यांची खरोखरची गाठ मुंबईतच पडलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात मलेरियाने थैमान घातलं होतं. १९११ साली डॉ. बेंटली यांनी अहवाल दिला: मलेरियाचा डास शहरातल्या विहिरींत वाढतो आहे. पालिकेने विहिरी बुजवायला, झाकायला घेतल्या आणि लोकांचा विरोध सुरू झाला, कारण त्या विहिरींत देव होते, आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता होत्या, पीर होते, भुतं होती. त्या काळात पालिकेच्या सेवेत असलेल्या रुस्तम मसानी यांना या प्रकरणात इतका रस वाटला की त्यांनी विहिरींच्या लोकसमजुतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. १९१८ साली ते मुंबईत प्रसिद्ध झालं. मसानी पुढे मुंबईचे पालिका आयुक्त झाले. आयुक्ताच्या खुर्चीवर बसलेला माणूस विहिरीतल्या भुतांचा जाणकार होता, असं हे शहर आहे.

डॉ. बेंटली बरोबरच होते. मी असते तर मीही विहिरी बंद करायला सांगितल्या असत्या. मलेरियाने पोरं मरत होती. पण तुमच्या कथेतल्या डॉक्टरने हे ओझं घेऊनच खुर्चीवर बसावं. तिच्याकडे येणारा गिऱ्हा बेघर आहे, आणि त्याला बेघर करण्याचा सल्ला तिच्याच धंद्याने दिला होता. विहिरी बुजल्यावर ते सगळे कुठे गेले? गच्चीवरच्या टाक्यांत? आज पालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधायला त्याच टाक्यांची झाकणं उघडतात. चर्चगेटजवळची भिखा बेहराम यांची १७२५ ची विहीर अजून शाबूत आहे, पाण्यासकट. एवढी जागा मिळाल्यावर आणखी काय हवं?

मुंज्याचं तसंच. रस्ता रुंद होतो आहे, पिंपळाच्या खोडाला वृक्ष प्राधिकरणाची नोटीस लावली आहे, हरकती अमुक तारखेपर्यंत. हरकत कुणी नोंदवायची? आठ वर्षांचा मुलगा, डोक्यावर घेरा, कमरेला मुंज गवताची मेखला. ती मेखला कधी निघालीच नाही, म्हणून तिच्याखालची कातडी सोलवटून जाड झाली आहे आणि तो सारखा खाजवतो आहे. डॉक्टरने मेखला सैल करायची तर आधी त्याची परवानगी घ्यायला हवी, कारण तेवढंच त्याच्याकडे आहे. आणि त्याचा चेहरा बघून ती गप्प होईल: देवीचे व्रण. मी देवीचा पेशंट कधी पाहिलेला नाही. माझ्या पिढीच्या कुठल्याच डॉक्टरने पाहिलेला नाही. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. आम्ही तो पुस्तकातल्या चित्रांत शिकलो. आणि इथे एक मूल तो रोग चेहऱ्यावर घेऊन बसलं आहे, त्याला ठाऊकही नाही की आता तो कुणाला होत नाही. ही बातमी त्याला डॉक्टरनेच द्यायची. माझ्या दवाखान्यापासून फार लांब नसलेल्या हाफकिन संस्थेच्या परिसरातून १८९६-९७ च्या प्लेगमधली जांघेत गाठ आलेली माणसं रात्री येऊन ओळीने उभी राहिली, तर तीही अशीच एखादी कथा.

वेताळासाठी पुण्याला जायला हवं. कोकणात, गोव्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. तो रात्रभर फिरतो आणि वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. ज्याच्या वहाणा झिजतात त्याच्या टाचा दुखत असणार, इतकं साधं आहे हे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर, शहरातल्या सगळ्यांत उंच जागी, त्याचं देऊळ आहे, आणि टेकडीच्या अंगावरून रस्ता आणि पोटातून बोगदे काढायच्या बेताविरुद्ध २०२३ साली पुणेकर हजारोंनी चालले. त्या मोर्चात तोही चालला असेल तर दुसऱ्या दिवशी पाय दाखवायला कुणाकडे गेला?

चकव्याकडे कुणी तरुण लेखकाने बघावं. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून माग काढला. सूर्य-चंद्र दिसेनासे झाले की ती गोल फिरत आपल्याच वाटेवर परत येत होती. चकवा माणसाच्या आतच असतो. मग चकवा नावाच्या त्या भुताचं काम काय उरलं, आणि ते बेकारीत गेलं असेल तर त्याची तब्येत कशी आहे?

आणि जुनीच भुतं कशाला? शहराने स्वतःची केली आहेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि ज्या खात्यात कापूस पिंजला जायचा तिथल्या माणसांची छाती त्याच्या कितीतरी आधीपासून भरलेली होती. कापसाच्या धुळीने होणाऱ्या त्या आजाराची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर गेलं की सोमवारी छाती सगळ्यांत जास्त आवळते. गिरणी कामगाराचं भूत माझ्या परळमध्ये नसेल तर कुठे असणार? गिरणीच्या जागी आता काचेची इमारत आहे, धूळ नाही, सुट्टी नाही, सोमवारही नाही. तरी दर सोमवारी तो छातीवर हात ठेवून दवाखान्याच्या पायरीवर बसतो. त्याच्या आजारावर पहिला उपाय धुळीपासून दूर राहणं हाच होता, आणि तो उपाय त्याला मिळाला तो गिरणीच गेल्यावर. डॉक्टर त्याला काय लिहून देईल, हे मला खरंच वाचायचं आहे.

संपादकांना दोन गोष्टी सांगते आणि थांबते. अशा कथेला चित्र काढून घ्याल तेव्हा चित्रकाराला सुळे आणि रक्त काढायला सांगू नका. बाक काढा, त्यावर बसलेली माणसं काढा. आणि कथेची जाहिरात ‘अंगावर काटा आणणारी’ अशी करू नका, म्हणजे चुकीचा वाचक चुकीच्या अपेक्षेने येणार नाही.

लेखकांना वैद्यकीय तपशील तपासून हवे असतील तर मी वाचून देईन. लक्षणं, तपासणीचा क्रम, औषधाची मात्रा, कुठल्या साली कुठलं औषध उपलब्ध होतं, काय विचारलं तर डॉक्टर खरी वाटेल, एवढं मला सांगता येतं. मानधन नको, नाव छापायला नको. पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे तापाचे पेशंट वाढतात आणि रात्रीचे अकरा वाजतात, तेव्हा शक्यतो मेअखेरीपर्यंत पाठवा. हडळीची कथा आधी पाठवलीत तर ती आधी वाचीन.

आपली,
परळमधली एक फॅमिली डॉक्टर आणि दिवाळी अंकांची वाचक